कॉम्प्युटरवरचा माळा

“असंच असतं, असं कोण म्हणालं?” हे विचारताना बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या. चष्मा वर गेला की समोरच्याची धडगत नसे.

बाई म्हणजे आमच्या नायगावच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल. तिथे एकच जुना कॉम्प्युटर, त्यावर लिनक्स नावाचं सॉफ्टवेअर. फुकट मिळतं आणि हवं तसं बदलता येतं, ही गोष्ट बाईंनी फारच मनावर घेतली. अक्षरं भाकरीएवढी केली. दोनदा क्लिक करताना म्हाताऱ्यांची बोटं अडखळायची, म्हणून एकदाच दाबलं की उघडेल अशी सोय केली. बंद करायच्या बटणाला ‘चला घरी’ असं नाव दिलं, आणि कचऱ्याच्या डब्याला ‘माळा’. चाळीतली माणसं काही फेकत नाहीत, माळ्यावर टाकतात, असं त्यांचं म्हणणं.

इथेच बाई चुकल्या. नको ते आपण माळ्यावर टाकतो, तसं जपायचं तेही तिथेच ठेवतो. राणे हे आमचे जुने गिरणी कामगार. घराच्या अर्जासाठी स्कॅन केलेले सगळे कागद त्यांनी मोठ्या विश्वासाने माळ्यावर ठेवले.

वाचनालयाच्या सेक्रेटरींना हा सगळा पोरखेळ वाटायचा. बाई रजेवर असताना एका दुपारी त्यांनी टेक्निशियन आणून कॉम्प्युटरचं रूप चारचौघांसारखं करून घेतलं. जाता जाता त्याने माळाही रिकामा केला. मी तिथेच पेपर वाचत होतो. काही बोललो नाही, त्याची लाज अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी राणेंना स्क्रीनवर ना माळा सापडला, ना कागद. बाईंनी त्यांच्यापुढे हात जोडले, चूक माझी म्हणाल्या. मग चष्मा कपाळावर गेला. संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटरचं रूप पूर्ववत झालं, कागद मात्र गेले ते गेलेच. या वेळी माळा वेगळा केला, कधीच रिकामा न होणारा, आणि कचऱ्याला कचरा म्हटलं. राणेंनी पुन्हा स्कॅन करायला घरून मूळ कागद आणले. पुढे महिनाभर दोघं रोज शेजारी बसत. एवढे कागद कसले, असं आम्हाला वाटायचं.

दरम्यान सेक्रेटरींनी बाईंना लेखी ताकीद दिली: कॉम्प्युटर पुन्हा चारचौघांसारखा करा, नाहीतर महिनाअखेर काम सोडा. बाईंनी खाली ‘मान्य नाही’ लिहून सही केली, वर सवयीने वाचनालयाचा शिक्काही मारला.

महिनाअखेर त्या पिशवी उचलून गेल्या. निरोपाचा साधा चहासुद्धा झाला नाही. आम्ही भित्रे, दुसरं काय.

दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरी टेक्निशियनला घेऊन आले. खुर्चीत राणे होते. त्यांना उठायला सांगितलं. ते उठले नाहीत.

“बाईन माका सगळा शिकवल्यान हा,” राणे शांतपणे म्हणाले. “तुमी कितीय येळा काढा, मी परत लावतलंय.”

टेक्निशियनने सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरींनी माझ्याकडे. मी पेपर खाली ठेवला आणि राणेंच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो.