वापरणारीचं ऐकू

"मामा, व्हिडिओ तुम्ही करणार व्हय?" यवतच्या कॉम्प्युटरवाल्यानं हसत विचारलं.

मामा माझ्यासाठी जास्त जागेची, स्वस्त हार्ड डिस्क मागत होते. मला लग्नाच्या व्हिडिओंचं पहिलं काम मिळालं होतं आणि माझ्याकडच्या तसल्याच डिस्कवर व्हिडिओ सारखे अडकत होते. पण चारचौघांत माझं मराठी अडखळतं, म्हणून मी गप्प.

मी इथं नेहमी येते. वापरणारा बोलेपर्यंत हा माणूस कपाट उघडत नाही. स्क्रू-ड्रायव्हर कानामागं खोचून बसून राहतो.

आज त्यानं मामांपुढं चहा सरकवला. "घ्या, मामा. वापरणारीचं ऐकू." माझ्याकडं मात्र पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर मी आणखी मिटले असते.

"मामा, जागा कमी चालेल," मी म्हणाले, "पण मला वेगवान एसएसडीच हवी."