शीळ रस्त्यावर तापलेली गाडी

आज खोपटच्या गॅरेजमध्ये मेकॅनिकने इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीचं झाकण फिरवलं, तो गोडसर वास आला आणि मला माझ्या लग्नाची सकाळ आठवली.

विठ्ठलवाडीहून ठाण्याच्या हॉलवर बाबा मला आमच्या जुन्या गाडीतून नेत होते. शीळ रस्त्यावर इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. मुहूर्त जवळ आलेला, शालूत मी घामाने भिजलेले.

"बाबा, कूलंट ओता ना पटकन!"

"गरम असताना झाकण उघडलं तर अंगावर उडेल गं. थांबावंच लागेल."

ते माझ्या शेजारी येऊन बसले. मी नुसती बांगड्या वरखाली करत होते. रस्त्याकडे बघत ते हळूच म्हणाले, "मनात काही असेल तर आत्ता सांग. गाडी घरी वळवतो. लोकांचं मी बघतो."

"काय हे बाबा, भलत्या वेळी!" मी चिडलेच.

इंजिन निवलं, त्यांनी कूलंट ओतलं, लग्न वेळेत लागलं. संसारही चांगला झाला. पण सध्या लेकीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत आणि मला चैन पडत नाही. माझ्या लग्नात मला असं विचारणारे बाबा एकटेच होते. तिला ते कोणत्या शब्दांत विचारावं, तेच सुचत नाहीये.