झेंडूचा हार आणि त्र्याण्णव डिग्री

आमचे सासरे धाकू परब रिटायर झालेत, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. जन्म गेला डोंबिवलीच्या एमआयडीसीत, एका केमिकल कंपनीचा बॉयलर सांभाळण्यात. घरी काय सांभाळणार? कुकरपाशी जाऊन उभे राहायला लागले. सासूबाई वैतागल्या. मग मीच एकदा गमतीत म्हटलं, "बाबा, माझ्या कॉम्प्युटरकडे बघा जरा."

बाबांनी खुर्चीच आणून ठेवली!

मी बिल्डरांसाठी अजून न बांधलेल्या इमारतींचे व्हिडिओ बनवते. असा व्हिडिओ तयार होताना कॉम्प्युटर जाम तापतो. म्हणून ऋतुराजने, माझ्या नवऱ्याने, आतल्या प्रोसेसरचं तापमान स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसेल अशी सोय केली. "ऐंशीपर्यंत काही टेन्शन नाही. नव्वदच्या वर गेलं तर सांभाळा. शंभरला मशीन आपोआप बंद पडेल," एवढं सांगून तो मोकळा झाला. तेव्हापासून बाबा तिथेच चहा पितात, तिथेच मटार सोलतात.

"विनिता, बाहत्तर!"

"बरंय, बाबा."

"बरंय ते मला दिसतंय गो. सांगायचं काम माझं."

दसऱ्याची गोष्ट. माजिवड्याच्या ऑफिसातली नोकरी सोडून मी स्वतःच्या हिमतीवर घेतलेलं पहिलं काम, टिटवाळ्याच्या एका नव्या बिल्डिंगचं. संध्याकाळी मुहूर्तावर बुकिंग सुरू होणार, त्याआधी व्हिडिओ हवा. मशीन आदल्या दिवसापासून चालूच होतं; मध्येच बंद पडलं असतं, तर पुन्हा सुरुवात करायला वेळच नव्हता. काम हुकलं असतं, आणि मी निमूट परत माजिवड्याला.

सकाळी मी श्रीखंडात वेलची घालत होते. बाबांनी पाना, विळी, मिक्सर, स्कूटर, सगळ्यांची पूजा उरकली आणि कॉम्प्युटरपाशी अडले.

"पूजेच्या दिवशी यंत्र चालू? दसऱ्याला आमचा बॉयलर बंद असायचा."

"बाबा, आज हा बंद झाला तर मी बंद पडेन!"

ते हसले. "बरं बाई, चालत्यालाच हळदकुंकू लावतो."

थोड्या वेळाने हाक आली. "विनिता! अठ्ठ्याऐंशी!"

मी हात न धुताच धावले. एकोणनव्वद. नव्वद. सासूबाईंनी टेबलफॅन आणला, खिडक्या सताड उघडल्या. त्र्याण्णव! आता मशीनपेक्षा माझंच डोकं जास्त तापलेलं.

"कुणी हात लावला याला?" मी ओरडलेच.

"मी तर जागचा हललो नाही गो," बाबा म्हणाले.

मी वाकून मागे बघते तर काय! गरम हवा बाहेर पडायच्या जाळीवर, पंख्याच्या बरोब्बर तोंडावर, झेंडूचा जाडजूड हार. वर आंब्याची पानं. पुढून घातला तर मशीनचे दिवे झाकले जातील, म्हणून बाबांनी तो मोठ्या प्रेमाने मागून घातलेला.

"अहो बाबा!" मी हार ओढून काढला.

बाबांचा चेहरा एवढासा झाला. "जन्मभर बॉयलरचा काटा बघितला, आणि आज मीच वाट बुजवली," म्हणाले आणि खुर्ची सोडून दाराशी जाऊन उभे राहिले. कपाळाला गंध, हातात हळदकुंकवाची वाटी. माझा राग कुठल्या कुठे पळाला. हसूच फुटलं मला.

"बसा बघू गुपचूप! मला पुऱ्या तळायच्यात. आकडा कोण बघणार?"

बसले. आधी चाचरत, मग खणखणीत आवाजात सांगायला लागले. "सत्त्याऐंशी... ऐंशी... शहात्तर!" दर आकड्याला सासूबाई स्वयंपाकघरातून "वा!" म्हणायच्या. पुऱ्यासुद्धा काय टम्म फुगल्या त्या दिवशी!

दुपारी व्हिडिओ पूर्ण झाला, लगेच पाठवला. चार वाजता टिटवाळ्याहून फोन. व्हिडिओ एकदम आवडला, पुढच्या बिल्डिंगचं कामही मलाच. मी सासूबाईंना धरून गरकन फुगडीच घातली.

बाबा अजून खुर्चीत. "झालं ना? मग आता मी काय बघू?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, या माणसाने कालपासून नुसता आकडा बघितलाय. मी व्हिडिओ लावला. जिना, हॉल, फरशीवर पडलेलं ऊन, गॅलरीत मी ठेवलेली तुळस. बाबा पुढे सरकून बघत राहिले.

"आमची वाफ पाइपातून पलीकडच्या प्लांटला जायची," ते हळूच म्हणाले. "तिकडे तिचं काय बनायचं, ते मी कधी पाहिलंच नाही गो."

चष्मा काढून पुसला, परत लावला.

"हे आपण केलं?"

"आपणच, बाबा."