आरोळी आपल्या गोलाची

माझ्या धाकट्या दिराला सगळी गल्ली भोंगा म्हणते. मी भाऊजी म्हणते, पण भांडण झालं की मीही भोंगाच म्हणते. घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारायचं त्यांचं काम. सकाळी तिथे घसा मोकळा करायचा आणि उरलेला आवाज घरी आणून आमच्या कानांवर ओतायचा, हा शिरस्ता. साधं "वहिनी, चहा" म्हणाले तरी समोरच्या इमारतीतली बाई गॅस पेटवेल. त्यांच्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो, तेव्हा हे नुसतं "नमस्कार" म्हणाले आणि मुलीच्या आईच्या हातातला ट्रे खाली पडला. लग्न राहिलं ते राहिलंच. ही गोष्ट मी वाढवून सांगते असं ते म्हणतात. थोडी वाढवते.

आमच्या इमारतीच्या मागेच फुटबॉलचं स्टेडियम आहे. मिसरूड फुटल्यापासून भाऊजी तिथे कोपऱ्यातल्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभे राहत आले. आपल्या पोरांनी गोल केला की त्यांची आरोळी उठायची. शब्द नाहीत, नुसता एक 'होऽऽ', चढत चढत जाणारा आणि टोकाला जाऊन फाटणारा. तो फाटला की मग बाकीचं मैदान ओरडायचं. समोरच्यांनी गोल केला तर भाऊजी गप्प. त्यामुळे भाजी चिरता चिरता आम्हाला घरात स्कोअर कळायचा. वरच्या मजल्यावरच्या आजोबांचा तर अख्खा सामना त्या आरोळीवर चालायचा. आजोबा म्हणजे म्हातारे शिंपी, दोन्ही डोळे गेलेले. खिडकीत खुर्ची टाकून बसायचे. आरोळी आली की आनंदाने काठी जमिनीवर आपटायचे, आणि आमच्या छताचे पोपडे माझ्या कढईत पडायचे.

जगातले मोठमोठे संघ आमच्या स्टेडियमवर आपल्या पोरांशी खेळायला येणार हे आधीच ठरलं होतं. मग साथ आली. स्पर्धा एकदा पुढे ढकलली, दुसऱ्यांदा ढकलणं परवडेना, म्हणून काहीही झालं तरी घ्यायचीच असं वरच्यांनी ठरवलं. शाळा बंद, दुकानं अर्धवट उघडी, माणसं दवाखान्यात एकेकटी जात होती, पण फुटबॉल होणार होता. भाऊजी खूश होते. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. अँब्युलन्सशिवाय खिडकीतून दुसरं काही ऐकून किती दिवस झाले होते.

स्टेडियमचा मॅनेजर भाऊजींचा शाळेपासूनचा दोस्त, एका बाकावरचा. अर्धं बालपण त्याने आमच्या स्वयंपाकघरात जेवून काढलेलं. तो मास्क लावून दारात आला. म्हणाला, प्रेक्षक अगदी थोडे सोडणार आहेत. रिकाम्या मैदानावर खेळाडूंना भकास वाटतं, म्हणून स्पीकरवर गर्दीचा आवाज लावायचा आहे.

"पण तुझी आरोळी नसेल तर ते आपलं मैदान कसं वाटेल? तेवढी भरून दे. तुझी जागा मी धरून ठेवतो."

भाऊजींनी एकच विचारलं, "आपल्या पोरांसाठीच वाजवणार ना?"

"मग काय पाहुण्यांसाठी?"

रेकॉर्डिंगला मी गरम पाण्याची बाटली घेऊन गेले होते. रिकाम्या स्टेडियममध्ये भाऊजी एकटे आपल्या पायरीवर, समोर मांजरासारखा केसाळ माइक. थोडक्यात हुकलेल्या गोलाचं हळहळणं जमलं, पंचावर चिडणं तर फारच जमलं. पण आरोळी काही येईना. "गोल झाल्याशिवाय कशी येणार?" म्हणाले. शेवटी मॅनेजर चकचकीत बूट घालून मैदानात उतरला, रिकाम्या जाळीत त्याने चेंडू मारला आणि दोन्ही हात वर करून आमच्याकडे पळत आला, शाळेत पळायचा तसा. भाऊजींची आरोळी उठली. छपरावरची कबुतरं उडाली.

सामन्याच्या आदल्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. रुग्ण वाढलेत, आता एकही प्रेक्षक सोडणार नाहीत. भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट परत कपाटात टांगला. "नियम सगळ्यांना सारखा," म्हणाले. "आवाज तर आहे ना माझा आत." आजोबांना मात्र त्यांनी काही सांगितलं नाही.

आम्ही टीव्हीसमोर बसलो. खिडकीतून स्टेडियमचा आवाज आधी यायचा आणि टीव्हीवरचं चित्र मागाहून. पहिला गोल आपला. खिडकीतून आरोळी आली, वर काठी वाजली, मग टीव्हीवर चेंडू जाळीत गेला. भाऊजी लहान मुलासारखे हसले. पुढे पाहुण्यांचा गोल झाला तेव्हा टीव्हीवाले जाहिरात दाखवत होते आणि माझा कुकर शिट्ट्या मारत होता, म्हणून खिडकीतून काय आलं ते ऐकूच आलं नाही. जाहिरात संपली तेव्हा बरोबरी झाली होती. सामना संपत आला, आणि खिडकीतून पुन्हा ती आरोळी, टोकाला फाटणारी.

"आपला!" भाऊजी खुर्चीवरून उडाले. वर आजोबांची काठी थांबेना.

मग टीव्हीवर चित्र आलं. आपला गोलकीपर जमिनीवर पालथा पडला होता आणि पाहुणे एकमेकांच्या गळ्यात पडत होते. त्यांच्यासाठी माझा दीर गळा फाडून ओरडत होता.

आम्ही हरलो. वरची काठी अजून वाजतच होती. भाऊजी मास्क लावून जिन्याने वर गेले, मी मागोमाग. दारातूनच म्हणाले, "आजोबा, गोल त्यांचा होता. आपण हरलो."

आजोबांनी मान वळवली. "मग तू कशाला ओरडलास?"

भाऊजींनी सगळं सांगितलं. माइक, स्पीकर, बटण. आजोबांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण आवाज तुझाच ना?"

दुसऱ्या दिवशी आम्ही स्टेडियमच्या फाटकावर गेलो. मॅनेजर गजांच्या पलीकडे उभा राहिला. "अरे, दोन्ही संघांना सारखाच आवाज द्यावा लागतो, नाहीतर तक्रार होते. वरूनच तसं आलेलं."

"कधी आलेलं?" भाऊजींनी विचारलं.

तो बुटांकडे बघत राहिला. "आधीच. पण तुला सांगितलं असतं तर तू ओरडला असतास का?"

मला राहवलं नाही. "आमच्या ताटात जेवलात, आणि केसाने गळा कापलात की हो!"

"वहिनी, आवाज तो आवाज. कोणाला कळतंय?"

सगळ्यांना कळलं होतं. बाजारात लोक विचारायला लागले, आज कोणाच्या बाजूने पुकारणार? जो तो हसत विचारायचा, पण विचारायचा. लिलाव पुकारणाऱ्याची सगळी अब्रू आवाजात असते. भाऊजी घरी चहा मागायचे तेही हळू. मला ते ऐकवेना. मी मुद्दाम भांडण काढायचे, तरी आवाज चढायचा नाही.

साथ ओसरली, स्टेडियम लोकांसाठी उघडलं. भाऊजी जायला तयार नव्हते. आजोबांनीच वर बोलावून घेतलं. "जा. यावेळी स्वतः ओरड. मी इथे ऐकतो, म्हणजे मागचं फिटलं."

मी सोबत गेले. जुनी पायरी, जुनी माणसं. कोणी पाठीवर थाप मारली, कोणी सरकून जागा दिली. आपल्या पोराने चेंडू जाळीत घातला तशी आजूबाजूची सगळी तोंडं भाऊजींकडे वळली. त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

स्पीकरमधून 'होऽऽ' सुटला. लांब, चढत, टोकाला फाटत. मैदानाने त्याला साद दिली आणि वळलेली तोंडं पुन्हा खेळाकडे गेली. वर काचेच्या खोलीतून मॅनेजर भाऊजींना अंगठा दाखवत होता. त्याला खरंच वाटलं असेल की आपण दोस्ताचा मान राखला.

भाऊजींनी घेतलेला श्वास हळूहळू सोडला. "चला वहिनी. मी ओरडतोय ना तिथे."

घरी न शिरता आम्ही सरळ आजोबांकडे गेलो. ते खिडकीत काठी घेऊन बसले होते. पावलं ओळखून काही बोलणार, तेवढ्यात खिडकीतून पुन्हा आरोळी आली. आजोबांची काठी वर गेली आणि तशीच थांबली. त्यांनी तोंड आमच्याकडे वळवलं.

"कोणाचा रे?"

"माहीत नाही, आजोबा," भाऊजी म्हणाले.

आजोबांनी काठी हळूच भिंतीला टेकवून ठेवली.