कार्डावरचं कुंकू

ओल्या कुंकवाचा वास आला की मला अजूनही ती सकाळ आठवते. बहिणीच्या लॅपटॉपवर मीच हौसेनं विंडोज काढून लिनक्स टाकलं होतं आणि त्यावर जुन्या वायफाय कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, धड चालत नव्हतं, इंटरनेट सारखं तुटायचं. दुपारी तिचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता, म्हणून अख्ख्या कोल्हापुरात न मिळालेलं, बाहेरून मागवलेलं दुसरं कार्ड सकाळीच बसवायला घेतलं. पंखा बंद, बोटं घामानं चिकट. अँटेनाच्या केसाएवढ्या वायरी तुटतील या धास्तीनं श्वास रोखून मी जुनं कार्ड काढलं आणि नव्यासाठी हात लांब केला, तर आई त्याला कुंकवाचं ओलं बोट लावून उभी! नेमकं कार्ड जिथं खाचेत बसतं त्या सोनेरी दातांवर. "नवी वस्तू हाय, तशीच बसवतोस व्हय?" बहीण रडकुंडीला आली, "आता चालंल न्हवं, दादा?" मी खोडरबरानं ते दात घासले, कार्ड बसवलं, बटण दाबलं, स्क्रीन काळीच राहिली. आईनं हळूच बोट पदराला पुसलं. बऱ्याच वेळानं स्क्रीन उजळली आणि वायफायची खूण भरली. आज माझा नवा लॅपटॉप आलाय. आधी झाकण घट्ट मिटलं, मगच आईला कुंकू लावायला हाक मारली.