जो बोलेल त्याने जायचं

धुळ्याच्या देवपुरातल्या त्या छोट्या चर्चमध्ये रविवारची उपासना घंटेनं नव्हे, बेबाबाईच्या आवाजानं सुरू व्हायची. बेबाबाई दवाखान्यात आया होती. अंगानं काडी, पण आवाज असा की वॉर्डात रडणारं पोर दचकून गप्प व्हावं. दाराशी उभी राहून ती मंडळीतल्या एकेकाचं नाव तोंडपाठ घ्यायची. हजर असेल तो ‘सलाम’ म्हणायचा. नसेल त्याच्या वतीनं कुणीतरी सांगायचं, ‘ताप शे’, नाहीतर ‘नवापूरले गया’. नियम एकच होता, जो बोलेल त्याने जायचं. गैरहजर माणसाचं कारण ज्यानं सांगितलं, त्यानंच दुपारी त्याच्या घरी डोकावून खरं काय ते बघून यायचं. सातपुड्याच्या पायथ्याकडून पोटामागे धुळ्यात आलेल्या या माणसांना इथं दुसरं होतं कोण? जुन्या लोकांनी घालून दिलेली ही रीत, खरं सांगायचं तर, पुष्कळशा प्रवचनांपेक्षा जास्त कामाची होती.

मग घरोघरी टीव्ही आले, आणि सत्त्याऐंशीच्या सुमारास नेमकी रविवारी सकाळी एक हिंदी विनोदी मालिका लागू लागली. दोन दिवसांसाठी सासरी आलेला जावई काही केल्या परत जात नाही आणि चिक्कू सासरा त्याला घालवायच्या युक्त्या करतो, एवढीच काय ती गोष्ट. पण माणसं हसून हसून आडवी व्हायची. इकडे चर्चमधले बाक रिकामे पडू लागले. बेबाबाई नाव घ्यायची आणि उत्तर यायचं नाही, कारण बोलणाऱ्याला जावं लागलं असतं, आणि जाऊन दिसणार काय, तर टीव्हीपुढे मांडी घालून बसलेला माणूस!

चैत्रामभाऊ मात्र चुकत नसे. दवाखान्याचा निवृत्त रखवालदार, बायको गेलेली, नाल्याकडेच्या खोलीत एकटाच राहायचा. टीव्ही त्यानंही घेतला होता आणि त्या सासऱ्यावर त्याचा भारी जीव. पण रविवारी तो उपासनेलाच येई आणि परतताना रस्त्यात भेटेल त्याला अडवून विचारी, ‘आज काय व्हयनं? जावई गया का?’

एका रविवारी त्याची जागा रिकामी दिसली. बेबाबाईनं नाव घेतलं. कुणी बोलेना. पुन्हा घेतलं. आधीच मंडळी मूठभर, त्यात हाही गेला म्हणून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीच बोलली.

‘‘भाऊ टीव्हीना मोरे बठेल शे! देव सोता बलावाले उना तरी आते उठाव नही!’’

टीव्हीपुढून देवानं बोलावलं तरी न उठणारा चैत्रामभाऊ डोळ्यांपुढे आला आणि सगळे खो खो हसले. पाळकसाहेबांनीसुद्धा पुस्तकामागे तोंड लपवलं. इतकं हसू त्या चर्चमध्ये कित्येक महिन्यांत झालं नव्हतं, आणि बेबाबाईला, लपवायचं कशाला, बरंच वाटलं. दुपारी तिनं मिरच्या वाळत घातल्या. चैत्रामभाऊकडे जायचं तिच्या ध्यानात आलं नाही असं नाही. पण एव्हाना आपल्याच थट्टेवर तिचा विश्वास बसला होता.

एक दिवसाआड येणाऱ्या दूधवाल्यानं मंगळवारी दार ढकललं तेव्हा चैत्रामभाऊ उंबऱ्याशी पडला होता. अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं, वाचा बंद. अंगात धुतलेला सदरा, एका पायात चप्पल, बाजूला गायनाचं पुस्तक. टीव्हीवरचा झालरीचा रुमाल जागचा हललासुद्धा नव्हता.

तो वाचला, पण पुन्हा बोलला नाही. मंडळीच्या वार्षिक सभेत सगळ्यांनी टीव्हीला शिव्या घातल्या. टीव्हीनं चर्च रिकामं केलं, टीव्हीनं माणुसकी खाल्ली. बेबाबाई उठली आणि म्हणाली, ‘‘टीव्हीनं नाही. बोलले मी, जायचं मला होतं. गेले नाही ती मी.’’ मग पंच भाईदास म्हणाला, ‘‘जाऊ दे बाई, तुझा काय दोष?’’ मग जो तो म्हणू लागला, जाऊ दे, जाऊ दे. इतक्या स्वस्तात सुटका झाली याचाच तिला राग आला. माफ करायचा हक्क एकाचाच होता, त्याला बोलता येत नव्हतं, आणि त्याला सांगायची तिची छाती होत नव्हती.

त्या दिवसापासून ती रोज त्याच्याकडे जाऊ लागली. पेज भरवी, अंग पुशी, पाय चोळी. फक्त टीव्ही लावत नसे; तो बघितला की तिला आपली थट्टा आठवे. तो चांगल्या हातानं टीव्हीकडे बोट दाखवी आणि ही भलतीकडे बघे. पाप हिचं आणि उपास त्याला! अशी वर्षं गेली. चर्चमध्ये मोजकी डोकी उरली. बेबाबाई नावं घ्यायची, बहुतेकांच्या वतीनं स्वतःच बोलायची आणि दुपारभर घरं फिरत राहायची.

शहाण्णव साली रिक्षावरचा भोंगा गल्लीत ओरडत आला. त्याच मालिकेचा पिक्चर निघाला होता. नाव ऐकताच चैत्रामभाऊनं खाटेची पाटी अशी बडवायला सुरुवात केली की शेजारचा छगन धावत आला. आता भलतीकडे बघायला जागाच नव्हती. छगननं त्याला उचलून रिक्षात घातलं आणि टॉकीजमध्ये पंख्याखाली बसवून दिलं. शेजारच्या खुर्चीवर बेबाबाई बसली.

पिक्चर अगदीच पाणचट होता. जावई नवा, सासरा नवा, आणि दर पाच मिनिटांनी नाच. लोक शिट्ट्या मारत होते, ‘जुनं ते जुनंच’ म्हणत होते. चैत्रामभाऊचं अर्धं तोंड मात्र हसत होतं. बेबाबाई पडदा सोडून त्या हसण्याकडेच बघत होती. मध्यंतराचे दिवे लागले आणि तिला आणखी धीर धरवेना.

‘‘भाऊ, त्या ऐतवारले मी तुनं नाव लिधं. कोनी बोलनं नही, मंग मीच बोलनू. म्हननू, भाऊ टीव्हीना मोरे बठेल शे, देव सोता बलावाले उना तरी उठाव नही. बठ्ठा हासनात. मंग मी उनूच नही.’’

चैत्रामभाऊ तिच्याकडे टक लावून बघत राहिला. मग त्याचं पोट हललं, खांदे हलले, आणि घशातून एक घोगरा, गुदगुल्या झाल्यासारखा आवाज आला. तो हसत होता. थट्टा त्याला आवडली होती! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो हसला. मग थांबला. चांगला हात उचलून त्यानं आधी तिच्याकडे बोट केलं, मग सावकाश स्वतःच्या छातीकडे.

‘‘हा भाऊ,’’ बेबाबाई म्हणाली, ‘‘माले येवाले पायजे व्हतं.’’

त्यानं मान हलवली. हो, यायला पाहिजे होतं. साऱ्या मंडळीनं तिला ‘जाऊ दे’ म्हटलं होतं. ज्याचं गेलं होतं तो एकटाच तसं म्हणाला नाही. दिवे मालवले, पडद्यावर पुन्हा नाच सुरू झाला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बेबाबाई पदर तोंडाशी धरून पोटभर रडली. त्यानं तिचा हात धरून ठेवला होता.