सुनेमागं टेम्पो: महाड, पोलादपूर आणि कुडपणची चढण

कुडपणला हल्ली खूप लोक जातात. मोटार लावायची, धबधब्यापुढं फोटो काढायचे, भजी खायची आणि परत. माझ्या नातीने ब्लॉग काढलाय, तिथं त्या वाटेबद्दल लिही म्हणाली. मी म्हटलं, अगं, मी त्या वाटेला एकदाच गेले, तेही ऐंशी सालानंतर कधीतरी, तेही टेम्पोतून, तुझ्या आईच्या मागं ओरडत. ती म्हणाली, आजी, तेच लिही. मी सांगते, ती टाईप करते. तिने मधे मधे शुद्ध केलंय, ते मी परत बिघडवून घेतलंय.

तर तिची आई म्हणजे माझी सून, सुनंदा. महाडच्या शाळेत खेळाची बाई. माहेर खाडीकाठचं, त्यामुळं चालायच्या आधी पोहायला शिकलेली. त्या वर्षी किनाऱ्यावरच्या एका गावातल्या व्यायामशाळेने तिहेरी शर्यत काढली होती. आधी खाडीत पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, सगळं सकाळी सुरू करून दिवस मावळायच्या आत संपवायचं. ट्रायथलॉन हा शब्द मला नातीने आत्ता सांगितला. बायकांना मनाई असं त्यांनी कुठं लिहिलं नव्हतं, कारण एखादी बाई येईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सुनंदाच्या आलं.

महिनोन्‌महिने आमच्या घरात तेच. पहाटे नदी, शाळा सुटली की सायकल, रविवारी पळणं. घरात ओले कपडे कायम. मला विचाराल तर ज्या माणसाला शेत नांगरायचं नाही, लाकडं फोडायची नाहीत, त्यालाच असलं सुचतं. पण ती भाकऱ्या थापून जायची, त्यामुळं मला बोलायला जागा नव्हती. बोलायची मी, ते वेगळं.

दिवाळीनंतर एकदा पोलादपूरच्या अलीकडे ती सायकलवरून पडली. भोवळ आली. अंगावर पिणारं पोर, पोटात नीट अन्न नाही, होणारच. माझा मुलगा वसंता सरकारी कचेरीत कारकून, आवाज न चढवणारा माणूस. त्या दिवशी चढवला. घाबरलेला पुरुष आणि रागावलेला पुरुष वरून सारखेच दिसतात. शर्यत बंद म्हणाला. चार दिवस दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होती. "आई, तिला सांग डबा भर." "आई, त्यांना सांगा भरलाय."

शेवटी त्यानेच तोड काढली. शर्यतीला जेवढं आहे तेवढं सगळं एकदा इथंच एका दिवसात करायचं, मधे कुठं बसायचं नाही. पोरीला पाजायला थांबली तर ते धरायचं नाही. आणि मी बरोबर जाऊन बघायचं.

"आई म्हणाली झालं, तर मी सुट्टी टाकतो आणि स्वतः घेऊन जातो. आई म्हणाली नाय झालं, तर विषय संपला," वसंता म्हणाला. "तिला खोटं बोलता येत नाही."

"गप्पही बसता येत नाही," सुनंदा म्हणाली. ते खरं होतं.

भात झोडून झालं होतं, थंडी पडली होती. रविवारी उजाडता आम्ही सावित्रीवर. आमच्या ओळखीतला इब्राहीम टेम्पोवाला आला होता. एरवी तो कौलं आणि विटा वाहायचा. भाडं नको म्हणाला. डिझेल आमचं आणि परत आल्यावर एक कोंबडा, एवढ्यावर जमलं. टेम्पोत सायकल, दहा महिन्यांची नात (हीच, आता टाईप करणारी), पोह्याचे लाडू, नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी आणि मीठसाखरेच्या पाण्याचा कॅन. वर माझी छत्री. पावसाळा नव्हता, पण छत्रीचा उपयोग फक्त पावसाला असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी कुत्री पाहिली नाहीत.

सुनंदाने वसंताची जुनी पँट घोट्यापाशी दुमडून घातली होती आणि वर त्याचाच शर्ट. नदीवर कपडे धुणाऱ्या बायका थांबून बघत होत्या. "काय पडलाय गो पाण्यात?" एकीने विचारलं. मी म्हटलं, "अक्कल. शोधतेय ती." सुनंदा वरच्या अंगाला गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे, माझा तंबाखूचा बार संपला. वाचणाऱ्यांना एक सांगते. तुम्ही तिथं उतरू नका. आता मगरी उन्हाला पडलेल्या असतात, लांबून लाकडाचे ओंडके वाटतात. तेव्हाही असतील एकदोन, पण त्यांनी सुनंदाला काही केलं नाही.

मग सायकल. महाड ते पोलादपूर आणि परत, आणि पुन्हा पोलादपूर. तेव्हाचा हायवे म्हणजे एक गाडी समोरून आली की दुसरीने मातीत उतरायचं. आता रुंद झालाय, तुम्हाला ते कळायचं नाही. आम्ही टेम्पो मागं ठेवला. इब्राहीमला हळू चालवायची सवय नव्हती. "मामी, बैलगाडी मागं टाकून गेली आपल्याला," तो सारखा म्हणायचा. दिवाळीनंतर ती जिथं पडली होती तो ओढा आला. सुनंदाने त्या बाजूला पाहिलंसुद्धा नाही. नाकासमोर बघून निघून गेली.

पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर तिने नातीला पाजलं आणि पाजता पाजता दोन लाडू खाल्ले. मी आणि इब्राहीमने चहा आणि बटाटावडा. वडा तेव्हा बरा होता, आताचं मी सांगत नाही. पुढं जाणार असाल तर पेट्रोल इथंच भरून घ्या, नंतर डोंगरच आहे.

सायकल टेम्पोत टाकली, इथून पळायचं होतं. कापडे गावच्या रस्त्याला लागायचं, गाव मागं टाकून कुडपणच्या दिशेला चढायचं, टेम्पो जाईल तिथवर जायचं आणि उतरत परत कापड्याला यायचं. दोन्ही बाजूला कापलेली भातशेतं, खुंट राहिलेली, आणि समोर डोंगर असा उभा की मान दुखावी. ऊन चढलं होतं. कापड्यापर्यंत ती बरी पळाली. गाव ओलांडून चढ लागला तसा तिचा रंग उतरला. घामाचं मीठ गालावर पांढरं दिसत होतं. पाणी घे म्हटलं, तर हात हलवून नको म्हणाली. तिला भीती अशी की थांबलं तर पाय परत उचलायचे नाहीत.

मला भीती होती दिवाळीनंतरच्या त्या भोवळीची. मी टेम्पोतून अर्धी बाहेर वाकले आणि ओरडायला लागले. "थांब! थांब गो मेले! पाणी पी! मरशील एखादेवेळी!" कडेवर नात, ती भुकेने आणि हादऱ्याने रडतेय. इब्राहीमला वाटलं आपणही मदत करावी. तो हॉर्न वाजवत सुटला.

वळणावर एक वाडी होती. पंधरावीस घरं, पुढं खळं, खळ्यात बायका भात पाखडत बसलेल्या. त्यांना काय दिसलं ते तुम्हीच बघा. गळ्यात मंगळसूत्र, अंगावर नवऱ्याचे कपडे, अशी बाई जीव घेऊन पळतेय. मागं टेम्पो. टेम्पोत छत्री उगारलेली म्हातारी शिव्या देतेय, आणि आईसाठी टाहो फोडणारं तान्हं पोर.

बायका उठल्या. सहासातजणींनी रस्ता अडवला आणि सुनंदाला अक्षरशः कवेत घेतलं. कुणी पदराने वारा घालतेय, कुणी गुळाचा खडा तोंडात कोंबतेय. तिला खळ्यात नेऊन सुपाशेजारी बसवली. बसवली! मी टेम्पोतून उतरते तोवर खेळ खलास.

त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी, तिला सगळ्या बायजाआत्या म्हणत होत्या, माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "आमच्या वाडीवरनं सासरची पळालेली पोर पुढं जात नाय. हितं बसायचं, बोलायचं, मग ठरंल."

"ती पळालेली नाय," मी म्हटलं. "ती पळतेय."

"ता दिसला आमाला."

"शर्यतीची तालीम हाय बाई!"

"लेकुरवाळी शर्यत कशाला पळंल?" मागची एक म्हणाली. दुसरीने टेम्पोत डोकावून बघितलं आणि किंचाळली, "आत्या, पोरीची सायकलपन काढून घेतलान!"

"आणि टेम्पो आणलान उचलून न्यायला," तिसरी.

इब्राहीम म्हणाला, "अहो, मी विटा वाहतो." त्याला एका बाईने खळ्याच्या बाहेर उभं राहायला सांगितलं. तो राहिला.

"सासू तोंडाळ दिसते," कुणीतरी हळू बोललं. हळू म्हणजे मला ऐकू येईल एवढं.

बायजाआत्या सुनंदापुढं बसली. "घाबरू नको गो बाये. खरं सांग. सासू जाच करते?"

आता शहाणी बाई काय म्हणेल? आमच्या बाईसाहेबांना दम पुरत नव्हता आणि हसू आवरत नव्हतं. म्हणाली, "करते. सकाळपासून पळवतेय."

झालं. बायांनी माझ्याकडं असं बघितलं की छत्री मिटून घ्यावी. रात्री पोरीला इथंच ठेवायची, उद्या तिच्या भावाला निरोप धाडायचा असं ठरायला लागलं. सुनंदाचं हसू तेव्हा बंद झालं. उन्हं खळ्याच्या पलीकडे सरकली होती. ती उठायला गेली तर दोघींनी खांदे दाबले. मायेनेच, पण दाबले. ती म्हणाली, "मावशी, माझे पाय धरतील हो. मला जाऊ द्या. महिनोन्‌महिने केलंय मी हे." डोळ्यांत पाणी आलं. ते बघून बाया आणखीच पक्क्या झाल्या.

मी काय बोलले ते सगळं नात टाईप करत नाही. शेवटी विचारलं, "तुमच्यात भांडण मिटलं असं कधी धरतात?"

बायजाआत्या म्हणाली, "सासूने सुनंचा हात धरायचा, सगळ्यांदेखत. वाडीच्या शिवेपातूर चालत जायचं, हात सोडायचा नाय. पुढं तुमची तुमी."

"शीव कुठं?"

तिने वर चढाकडं बोट केलं. आंब्याचं झाड होतं, बरंच वर. निदान जायची दिशा तरी आमचीच होती.

मी नातीला इब्राहीमकडं दिली. नऊवारीचा ओचा घट्ट केला. सुनंदाचा हात धरला, ओला आणि गार होता. म्हटलं, "चल. पण चालायचं नाय."

ती म्हणाली, "आई, तुम्हाला जमायचं नाही."

"तुलाही जमायचं नव्हतं."

आणि पळालो. मागं बाया ओरडायला लागल्या, अगो चाला, चाला! बायजाआत्या काय म्हणाली ऐकू आलं नाही. पहिलं वळण मी बरी होते. नंतर छातीत भाता चालू झाला आणि पायांत शिसं. माझी चप्पल कुठंतरी गेली. मी आयुष्यभर डोक्यावर भारे घेऊन डोंगर चढले, पण भारा घेऊन माणूस थांबतो, टेकतो, शिव्या देतो. इथं थांबायचंच नव्हतं. सुनंदा माझ्यासाठी हळू झाली तेव्हा मी तिला पुढं ओढली. बोलले नाही काही. बोलायला वाराच उरला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा.

आंब्यापाशी हात सोडला आणि मी खाली बसले. ती गेली. मागून इब्राहीम आला. एका हाताने गाडी, दुसऱ्या हातात पोर, पोर झोपलेली. त्याने मला टेम्पोत चढवलं, विटा चढवतात तशी.

वरचा रस्ता त्या काळी अर्ध्यात संपत होता, कुडपणला पुढं पायवाटेने जावं लागे. म्हणून कुडपण मी पाहिलं नाही. लोक म्हणतात वर सपाटी आहे, शेती आहे, हवा चांगली आहे. जाऊन बघा. टेम्पो थांबला तिथं सुनंदाने एका दगडाला हात लावला आणि उलटी फिरली. उतरताना वाडीतल्या बाया रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. आता त्यांची खात्री पटलेली दिसली, किंवा आम्ही दोघीही वेड्या आहोत हे पटलं असेल. एकीने माझी चप्पल टेम्पोत टाकली. कापड्याला पोचलो तेव्हा डोंगराच्या कडा अजून लाल होत्या. दिवस मावळला नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

घरी वसंता दारातच होता. त्याने आधी सुनंदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि मलाच धरून पायरी चढवली.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

"मधे कुठं बसली?"

मी तोंड उघडायच्या आत ती बोलली. "बसले. खळ्यात. बराच वेळ." असली माणसं शर्यती कशाला पळतात? नवरा अजून पुढं काही विचारायच्या आत स्वतःच नाही झालं म्हणून मोकळी झाली, आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

वसंता माझ्याकडं बघत राहिला. निकाल मी द्यायचा होता. मी वाडी सांगितली, सायकल सांगितली, छत्री सांगितली. तो हसला नाही. मी म्हटलं, "ती दम लागून बसली नाय. तिला बसवली. माझ्या तोंडामुळं बसवली. माझं तोंड रस्त्यावर नसेल तर ही बाई कुठं थांबत नाय. चढावर मी तिचा हात धरला होता, मला कळलं ते. तू सुट्टी टाक."

त्याने टाकली.

शर्यत तिने पुरी केली. कितवी आली ते विचारू नका, वसंता सांगायचा की मांडववाला बांबू उपटायला लागला होता. तोवर इथं नात वाटीचमच्याने दूध प्यायला शिकली. आणि त्या चढाचं म्हणाल तर माझ्या गुडघ्यात तो अजून आहे, थंडीत बोलतो.

शर्यतीला निघताना सुनंदा मला किनाऱ्याला चला म्हणत होती. दोघंही म्हणत होती. मी गेले नाही. तिकडं तिला थांब म्हणणारं कुणी नको होतं.